मेरीगोल्डचे मागचे पाय

नेदरक्लफ गावात सिरिल बूथरॉइडला ओळखत नाही असं कुणी नव्हतं. निवृत्त होईपर्यंत त्यानं गावची बस हाकली. शाळेची पोरं, बाजाराच्या बायका, सुतळीनं बांधलेली एखादी कोंबडी, असं सगळं त्यानं टेकडीवरून खाली आणि खालून वर नेलं. पण आयुष्यात त्याला ज्या काही टाळ्या मिळाल्या, त्या गायीच्या ढुंगणाला मिळाल्या. वर्षभर सगळ्यांत पुढच्या सीटवर बसणारा हा माणूस जानेवारीत सगळ्यांत मागे जायचा, कमरेत वाकायचा आणि मेरीगोल्ड नावाच्या गायीचे मागचे पाय व्हायचा.

पुढचे पाय आणि डोकं म्हणजे त्याचा थोरला भाऊ वॉल्टर.

ख्रिसमसची झाडं अंगणात फेकून झाली की चर्चच्या हॉलमध्ये गावच्या हौशी मंडळींचं नाटक लागतं. पँटो म्हणतात त्याला. गोष्ट आजीच्या गोष्टींतलीच, दर वर्षी एखादी. खाटीक डेस्मंड परकर नेसून आईची कामं करतो, तिकीटखिडकीवरची धट्टीकट्टी पोरगी विजार चढवून गोष्टीतला पोरगा होते, आणि खलनायक आला की अख्खा हॉल त्याला हुर्यो देतो. रंगमंचावरून कुणी "नाही" म्हटलं की लोकांनी ओरडायचं "हो!", आणि कुणी "हो" म्हटलं की "नाही!" हे पोरांना कुणी शिकवावं लागत नाही. दुधाचे दात पडायच्या आधी त्यांना ते येतं.

बाकी गावांत गाय फक्त गायीच्या गोष्टीत असते. विधवेचा पोरगा गाय विकून मूठभर शेंगदाणे, आपलं, घेवड्याचे दाणे घेऊन येतो, त्या गोष्टीत. नेदरक्लफमध्ये तसं नाही. इथं काचेच्या बुटाच्या गोष्टीत राजवाड्यात गाय असते. शंभर वर्षं झोपलेल्या राजकन्येच्या उशाशी गाय असते. एका वर्षी समुद्राच्या तळाशीही होती, आणि तिथं ती काय करतेय असं कुणीही विचारलं नाही. मेरीगोल्डला प्रश्न विचारायचे ते वेगळे. तिनं पुढचा उजवा पाय एकदा आपटला तर हो, दोनदा आपटला तर नाही. पोरं खिदळत विचारत बसायची, "मेरीगोल्ड, आमच्या बाई म्हाताऱ्या आहेत का?" आणि वॉल्टर इतका वेळ लावून एकदाच पाय आपटायचा, की बाईसुद्धा हसायच्या.

तिची कातडी म्हणजे चर्चचे जुने मखमली पडदे. सिरिलची बायको मॉरीननं ते शिवले, ठिपके तिनंच रंगवले. आत डांबरगोळ्यांचा, घामाचा आणि पेपरमिंटचा वास असे. पेपरमिंट वॉल्टरच्या. विंगेत उभं असताना तो एक आपल्या तोंडात टाकायचा आणि दुसरी हात पाठीमागे करून, अंधारातच, सिरिलच्या हातात द्यायचा. रंगमंचावर जायची ही खूण होती.

आता हे ऐकून कुणाला वाटेल, काय सख्खे भाऊ आहेत! तर गायीच्या बाहेर हे दोघं एकमेकांशी एक अक्षर बोलत नव्हते.

भांडण बापाच्या मयताचं. म्हातारा हिरवळीवर लाकडी गोळे घरंगळवण्याच्या खेळात तालुक्यात नावाजलेला. त्याची गोळ्यांची जोडी होती, काळ्याभोर लाकडाची, हातात धरून धरून काचेसारखी झालेली. आजारपणात त्यानं ती एकदा सिरिलच्या हातात ठेवली आणि म्हणाला, "तुझ्या हाताला बसतात बघ." सिरिलनं ते बोलणं मनात धरून ठेवलं. मयताच्या दिवशी तो बसची फेरी संपवून धावत घरी आला, तोवर शवपेटीला झाकण लागलं होतं आणि वॉल्टरनं गोळे बापाच्या हाताशी ठेवून दिल्याचं त्याला कळलं.

"विचारलं नाहीस मला," सिरिल म्हणाला.

"त्याचे होते. त्याच्याबरोबर गेले," वॉल्टर म्हणाला.

एवढंच. इकडे यॉर्कशरमध्ये आयुष्यभराच्या अबोल्याला यापेक्षा जास्त शब्द लागत नाहीत. दोघांची घरं एकाच उतारावर, समोरासमोर. सकाळी दोघं एकाच वेळी दूध उचलायला दार उघडत, आणि दोघंही हवेकडे बघत. वॉल्टरला सांगायचं असलं की सिरिल डेस्मंडच्या दुकानात जाऊन सॉसेज घेता घेता म्हणे, "कुणाच्या तरी घराचं पन्हाळं गळतंय." तासाभरानं वॉल्टर किडनी घ्यायला आला की डेस्मंड म्हणे, "राजा, तुझं पन्हाळं गळतंय म्हणे. पाव किलो देऊ?"

त्या वर्षी जानेवारी आला तेव्हा मंडळापुढे पेच पडला. त्या कातडीत मापात बसणारे दुसरे कुणी नव्हते. दोघं भाऊ मुकाट आत शिरले, मुकाट तालमी केल्या. पहिल्याच प्रयोगाला वॉल्टर डावीकडे वळला, सिरिल उजवीकडे, आणि मेरीगोल्ड पोटात फाटली. पुढची गाय एका विंगेत गेली, मागची दुसऱ्या. लोक हसून हसून खुर्च्यांवरून पडले. मॉरीन मात्र मध्यंतरात सुई घेऊन आली आणि टाके घालता घालता दोघांनाही ऐकू जाईल असं म्हणाली, "मी हे पुन्हा शिवणार नाही. आत निदान डावं-उजवं तरी बोला, गाढवांनो."

म्हणून ते डावं-उजवं बोलू लागले. मग एकदा वॉल्टर आतल्या आत म्हणाला, "पुढे पायरी आहे. सकाळी बर्फ पडलाय." आता बर्फाचा आणि त्या पायरीचा काही संबंध नव्हता. सिरिल म्हणाला, "हो, बस बंद होती." असं सुरू झालं. पुढं सगळंच गायीत होऊ लागलं. वॉल्टरची बायको एड्ना आजारी आहे हे सिरिलला गायीत कळलं. ती गेल्यावर, पुढच्या वर्षी, सिरिलनं आपलं कपाळ वॉल्टरच्या पाठीला टेकवलं ते गायीतच. वर्षभराचं साचलेलं दोघं नोव्हेंबर ते जानेवारी बोलून घेत. एकच नियम होता, तोही न ठरवता ठरलेला. बापाचं नाव काढायचं नाही. आणि कातडी उतरली, मागच्या खोलीत दिव्याखाली दोघं घामेजलेले उभे राहिले, की पुन्हा हवेकडे बघायचं.

यंदा ऑक्टोबरच्या बैठकीत फिलिपा उठून उभी राहिली. फिलिपा शाळेत शिकवते, आणि नाटक बसवायचं काम तिच्याकडे आल्यापासून लोक वेळेवर येऊ लागलेत, त्यामुळं तिच्यावर थोडा राग आहे.

"वॉल्टर, तुमच्या खुब्याचं डॉक्टर काय म्हणाले ते मला कळलंय," ती हळूच म्हणाली. "हे वर्ष करा. पुढच्या वर्षीपासून मेरीगोल्ड फुटबॉलच्या पोरांना देऊ या. तुम्ही दोघं पहिल्या रांगेत बसा. मानाच्या खुर्च्या."

"बरं," वॉल्टर म्हणाला.

"बरं," सिरिल म्हणाला.

एकाच सुरात, एकाच आईच्या पोटचं बरं.

घरी येऊन सिरिल कोट न काढता खुर्चीत बसून राहिला. मॉरीननं चहा पुढे ठेवला.

"गाय गेली म्हणून एवढा चेहरा?" ती म्हणाली.

"गायीचं काय! पण मग त्याच्याशी बोलायचं कुठं?"

मॉरीननं पडदा बाजूला केला. समोर वॉल्टरच्या स्वयंपाकघरात दिवा होता. "तिथं."

"असं कसं जाणार?"

"पायांनी. तुझे दोन आहेत, मागचे असले तरी."

सिरिलला ते पटलं नाही. रस्ता ओलांडून दार वाजवायचं, आणि वॉल्टरनं दार उघडून हवेकडे बघितलं तर? त्यापेक्षा गायीत विचारावं. गायीत वॉल्टर हवेकडे बघू शकत नाही, तिथं हवाच नसते. त्यानं वाक्य तयार केलं, अंघोळीत घोकलं. प्रयोग संपायच्या आत विचारायचं. एकदा कातडी उतरली की झालं.

पण तालमी सुरू झाल्या आणि नवीच अडचण निघाली. वॉल्टरनं उभा जन्म गिरणीत मागांच्या खडखडाटात काढलेला, कान आधीच अर्धे गेलेले. आता कानात यंत्र होतं, आणि कातडीत शिरलं की ते शिट्टी मारायचं. पहिल्या तालमीत मेरीगोल्ड चहाच्या किटलीसारखी वाजू लागली. फिलिपा म्हणाली, "यंत्र बाहेर ठेवा." ते बशीत ठेवलं गेलं, आणि सिरिलची कुजबुज वॉल्टरच्या पाठीपर्यंत जाऊन तिथंच मरू लागली. आता डावं-उजवं थापटून चाले. डाव्या बरगडीवर थाप म्हणजे डावं. पेपरमिंट तेवढी येत राहिली.

पहिला प्रयोग गेला. सिरिलनं नाचाच्या वेळी विचारायचं ठरवलं होतं, पण पेटी आणि ढोल यांच्यात त्याचं त्यालाच ऐकू आलं नाही. दुसऱ्याला दूध काढायच्या प्रसंगात विचारू म्हटलं, तर डेस्मंडनं आचळाला असा हिसका दिला की वाक्य विसरलं. तिसऱ्याला त्यानं विचारलं. अगदी नीट, दोनदा. वॉल्टर पुढून म्हणाला, "हो, मलाही गरम होतंय."

राहिला रविवारचा दुपारचा शेवटचा प्रयोग.

त्या दिवशी हॉल गच्च. यंदा गोष्ट नेमकी गायीचीच होती, आणि बूथरॉइड बंधूंची ही शेवटची मेरीगोल्ड हे गावभर झालेलं, त्यामुळं टेकडीवरच्या वाड्यांमधूनही माणसं आली होती. पहिल्या रांगेत पोरं, मागं आयाबाया, त्यांच्यामागं भिंतीला टेकून बाप्ये. मॉरीन विंगेत सुई-दोरा घेऊन, सवयीनं. विंगेतल्या अंधारात हात मागे आला, पेपरमिंट आली, आणि गाय प्रकाशात गेली.

सगळं बरं चाललं. मग गाय विकायचा प्रसंग आला. डेस्मंड, म्हणजे विधवा, मेरीगोल्डच्या गळ्यात दोर बांधून रडू लागली. रडता रडता तिनं नाक परकराला पुसलं, मग गायीच्या कानाला पुसलं. पेटीवर हळू सूर चालले होते. पोरं ओरडत होती, "नका विकू! नका विकू!" आता इथून गाय विंगेत जाणार, मग शेवटी सगळ्यांबरोबर नमस्काराला तेवढी येणार. सिरिलला विचारायचं तर आत्ताच होतं.

"वॉल्टर," तो कुजबुजला. पाठ हलली नाही.

"वॉल्टर, ऐक ना," त्यानं जरा मोठ्यानं म्हटलं. काही नाही.

पेटीचे सूर चढले. सिरिलनं श्वास भरून घेतला आणि होता नव्हता तेवढा जोर लावला. नेमकं त्याच क्षणी पेटीवाल्या बाईंनी पान उलटायला हात उचलला.

"वॉल्टर! नाटक संपल्यावर माझ्याशी बोलणार आहेस का नाही?"

गायीच्या ढुंगणातून आलेला हा आवाज हॉलच्या मागच्या भिंतीपर्यंत गेला. भिंतीला टेकलेली माणसं सरळ झाली. नेदरक्लफमध्ये हा प्रश्न कुणाचा आणि कुणाला हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. पेटीवाल्या बाईंच्या हातातलं पान हातातच राहिलं.

आणि वॉल्टरनं ऐकलं. एवढं बहिऱ्यालाही ऐकू आलं असतं. रंगमंचावर प्रश्न आला की काय करायचं, हे त्याच्या हाडात इतक्या वर्षांत मुरलेलं. गायीच्या तोंडातून तो गरजला:

"नाही, नाही बोलणार!"

हे त्यानं सवयीनं म्हटलं की मनापासून, ते त्याला स्वतःलाही नंतर सांगता आलं नाही. पण पहिल्या रांगेतल्या पोरांना शंका नव्हती.

"हो, बोलणार!" ती किंचाळली.

"नाही, नाही बोलणार!"

"हो, बोलणार!" आता आयाही होत्या त्यात.

"नाही," वॉल्टर म्हणाला, आणि हा नकार जरा बसक्या आवाजाचा होता, "नाही बोलणार."

"हो! बोलणार!" भिंतीला टेकलेले बाप्ये, टेकडीवरची माणसं, चहाच्या भांड्यांपाशी उभ्या बायका, सगळा हॉल. खिडक्यांच्या काचा थरथरल्या. कडेच्या खुर्चीवरची फिलिपाही ओरडली, हातातली संहिता खाली पडेपर्यंत.

आत अंधारात सिरिल वाकून उभा होता. कपाळ भावाच्या पाठीला टेकलेलं. त्या पाठीतला श्वास त्याला कळत होता, वर, खाली, वर. नाही तीनदा म्हणून झालं होतं. पँटोत चौथ्यांदा कुणी म्हणत नाही. आता काय?

डेस्मंडनं परकर गोळा केला आणि गायीसमोर गुडघ्यांवर बसला. इतकी वर्षं त्यानं या दोघांचे निरोप सॉसेजबरोबर बांधून दिले होते. बायकी आवाज त्यानं तसाच ठेवला, पण त्यातला चावटपणा गेला.

"मेरीगोल्ड, राणी माझी," तो म्हणाला, "खरं सांग हं. बोलणार?"



सिरिलला पाठीतलं वजन सरकलेलं जाणवलं. उजवा पाय, तोच दुखऱ्या खुब्याचा, वर उचलला गेला.

धप्प.

एकदा.

सगळे थांबले. एकदा म्हणजे हो, पण दुसऱ्यांदा आपटणार नाही हे कळेपर्यंत ते हो थोडंच असतं?  सिरिल पाठीवर कपाळ दाबून वाट बघत राहिला, की आता वजन सरकेल, आता पाय उठेल. पहिल्या रांगेत एक चिमुरडं म्हणालं, "अजून एक—" आणि त्याच्या आईनं पटकन त्याचं तोंड दाबलं.

पाय उठला नाही. त्याऐवजी अंधारात एक हात चाचपडत मागे आला. सिरिलनं आपला हात पुढे केला. त्यात पेपरमिंट पडली. विंगेत नव्हे, ऐन रंगमंचावर. असं आजवर कधी झालं नव्हतं.

सिरिलला दुसरं काही सुचेना. त्यानं दोरी ओढली आणि शेपटी हलवली. लोकांना एवढंच दिसलं, आणि एवढं पुरलं. छप्पर उडतं का काय असं झालं. डेस्मंड डोळे पुसत उभा राहिला, गालावरची रंगाची गोल चकती हनुवटीपर्यंत ओघळली, आणि तो म्हणाला, "मंडळी, माझी गाय पुढून एक बोलते, मागून एक बोलते. तुमच्या घरी काय वेगळं आहे?" मग पेटी सुरू झाली, आणि गाय विकली गेली, कारण गोष्ट तशीच आहे.

प्रयोग संपला. मागच्या खोलीत मॉरीननं बंद सोडले, कातडी उतरवून खुंटीला लावली आणि काही न बोलता बाहेर निघून गेली. दोघं भाऊ दिव्याखाली उभे राहिले, सदरे अंगाला चिकटलेले. हवेकडे बघायची वेळ होती. सिरिल बघणारही होता.

वॉल्टरनं बशीतलं यंत्र उचलून कानात बसवलं, चावी फिरवली. मग घसा साफ केला.

"तुझा डावा पाय अजून उशिरा पडतो," तो म्हणाला.

"तू डावीकडे लवकर वळतोस."

"हं."

दोघांनी कोट चढवले. बाहेर चार वाजत आले होते, अंधारायला लागलं होतं. उतारावर दुपारचं पाणी गोठून काच झालेली. वॉल्टरनं काठी टेकली, ती सरकली. फाटकाशी तो थांबला. हॉलच्या पायऱ्यांवर अर्धं गाव चहाचे कप घेऊन उभं होतं आणि सगळेच्या सगळे आभाळ बघत असल्यासारखं करत होते.

"दोन्ही नाही ठेवले मी," वॉल्टर अचानक म्हणाला.

"काय दोन्ही?"

"गोळे. त्याच्या पेटीत. एकच ठेवला. एक आहे माझ्या कपाटात. तुझ्यासाठी काढला होता."

सिरिल त्याच्याकडे बघत राहिला. "एक गोळा घेऊन मी काय करणार होतो?"

"तेच तर. बाबाही तिकडं हेच म्हणत असतील."

सिरिलला हसू आलं, ते नाकातून बाहेर पडलं. "मग सांगायचं नाही का?"

"सांगणार होतो. तू तोंड फिरवलंस. मग मीही फिरवलं."

"गायीत सांगायचंस."

"गायीत बाबांचं काढायचं नव्हतं ना." वॉल्टरनं उताराकडे बघितलं, मग आपल्या काठीकडे. "हे जमायचं नाही मला आज."

 सिरिल वॉल्टरच्या मागे गेला, किंचित वाकला आणि दोन्ही हातांनी त्याची कंबर धरली, जशी नेहमी धरायचा.

"लोक बघतायत," वॉल्टर म्हणाला.

"आभाळ बघतायत ते. चल. डावा."

वॉल्टरनं डावा टाकला.

"उजवा. हळू. डावा."

चार पायांचं ते काहीतरी उतारावरून हळूहळू खाली जाऊ लागलं. पायऱ्यांवर कुणीतरी हसायला लागलं, तेव्हा मॉरीननं नुसतं वळून बघितलं आणि हसू थांबलं. खाली दोन दारं होती, समोरासमोर. सिरिलनं स्वतःच्या दाराकडे बघितलं नाही.

"चहा आहे का तुझ्याकडं?" त्यानं मागून विचारलं.

"काय?"

"चहा!" सिरिल ओरडला.

वॉल्टर थांबला, आणि बर्फावर जपून, त्यानं उजवा पाय एकदा आपटला.